सातबाऱ्यातला रिकामा रकाना

‘मी पेणचा’ म्हटलं की ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, ‘पेन? लिहायचं?’ मग गणपतीचं पेण म्हटल्यावर कळतं. जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे प्रवासातला मुक्काम. घाट उतरून बंदराकडे जाणारे तांडे इथे थांबायचे, त्यावरून पेण, असं आमच्याकडे सांगतात. विनोबांचं जन्मगाव गागोदे बुद्रुक आमच्याच तालुक्यातलं. त्यातलं बुद्रुक फारसी ‘बुजुर्ग’वरून आलं, म्हणजे थोरलं. आजीचं माहेर रोह्याला, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीत. ती ‘अष्टमीला जाते’ म्हणाली की तिथी की गाव, ते आपणच ओळखायचं.

ही नावं मला नुसती गमतीची वाटायची. यंदा बाबांनी खारेपाटातला आमचा जमिनीचा तुकडा विकायला काढला, म्हणून मी मोबाइलवर सातबारा उघडला. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. आमचा रिकामा. कोडमध्ये असं काही दिसलं की आम्ही ‘नल’ म्हणतो आणि पुढे जातो.

आजीला विचारलं. ‘नाव नाही कसं? खांडीचं!’

खारेपाटातली शेतं मातीचे बांध घालून खाडीपासून राखलेली. मोठ्या उधाणाला बांध फुटतो, त्या भगदाडाला खांड म्हणतात. खारं पाणी आत शिरलं की भातशेती नासते. आमच्या शेतापाशी बांध पुन्हा पुन्हा फुटायचा, म्हणून ते खांडीचं. इथे पाणी येतं, हे कुणीतरी नावातच सांगून ठेवलं होतं. एजंटच्या जाहिरातीत मात्र फक्त गट नंबर आणि ‘बंगल्यासाठी उत्तम’.

आयर्लंडमध्ये १८३०च्या दशकात जॉन ओ’डोनोव्हन हा अभ्यासक सरकारी मोजणीसाठी गावोगाव फिरून लोकांकडून जागांची नावं समजून घेत होता. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आलं, तेही विकायच्या वेळी.

‘घेणाऱ्याला सांगितलंस का, बाला?’ आजीने विचारलं. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. पैसे माझ्याच पुण्यातल्या फ्लॅटसाठी हवे होते.

दोन दिवस काढले. मग त्या माणसाला फोन करून नाव सांगितलं, अर्थही सांगितला. ‘कळवतो’ म्हणाला. अजून कळवलेलं नाही. एजंट माझा फोन उचलत नाही.

येत्या सोमवारी रजा टाकलीय. तो रकाना भरता येतो का, ते तलाठ्याला विचारायचंय.