हरलेल्यांची बखर

फळ्यावर चीनच्या राजघराण्यांची यादी लिहिली – हान, थांग, सुंग, युआन, मिंग, छिंग – की मुलांना वाटते, एकाच वाड्यात बाप गेला नि मुलगा आला. मास्तरांनाही ते सोयीचेच. पाठ करून घ्यायला बरे! पण युआन म्हणजे मंगोल आणि छिंग म्हणजे मांचू. दोघेही उत्तरेकडून आलेले उपरे. मग हे मणी एका दोऱ्यात ओवले कोणी?

मला वाटते, हे काम तलवारीचे नव्हे, दौतीचे. तिकडची एक रीतच होती: नव्या घराण्याने बुडालेल्या घराण्याचा इतिहास लिहवून घ्यायचा. मिंग सम्राट हुंगवूने 1368 साली मंगोलांना पेकिंगमधून पिटाळले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्याच राजवटीचा इतिहास लिहायला पंडित बसविले. मंगोल उपरे खरे, पण त्यांची गादी खोटी म्हणावी, तर तिच्यावरून चालत आलेला आपला हक्क तरी कुठला? पुढे मांचूंनी मिंगांचा इतिहास 1739 साली पुरा केला. ज्याला बुडविले त्याचे श्राद्ध आपणच घातले, की वारसा आपोआप लागतो.

कागदावरची ही अखंडता माणसांच्या डोक्यांवरून गेली, हे मात्र विसरू नये. 1645 साली मांचूंचा हुकूम सुटला: पुरुषांनी पुढचे डोके भादरावे, मागे वेणी राखावी. च्यांगयिन शहराने नकार दिला. 81 दिवस ते झुंजले आणि मग कापले गेले. अडीच शतकांनी क्रांतिकारकांनी वेण्या कापायला घेतल्या, तेव्हा कित्येकांचे डोळे भरून आले. बळजबरीची खूण तोवर वाडवडिलांची ठेव झाली होती!

1912 साली बाल-सम्राट पुयीच्या गादीत्यागाच्या फर्मानाने हान, मांचू, मंगोल, मुसलमान आणि तिबेटी या पाचांना एका प्रजासत्ताकात बसविले. पण उर्ग्याच्या मंगोलांनी 1911 च्या डिसेंबरातच वेगळी चूल मांडली होती. 1913 साली तेराव्या दलाई लामांनीही तिबेटचे वेगळेपण घोषित केले. त्यांचे म्हणणे साधे होते: आमचे नाते मांचू सम्राटाशी होते, तो गेला, नाते सरले.

गादी गेली, रीत गेली नाही. छिंगांच्या इतिहासाचे प्रचंड काम बीजिंगने 2002 साली पुन्हा हाती घेतले. श्राद्ध घालणारा वारस ठरतो, हे खरेच. पण वारशात माणसे लिहून घेताना त्यांना कुणी विचारलेले असते का?