गाडी हलवली का?

मंडळाच्या कोजागिरीला भेटलेल्या बहुतेकांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला : 'अरे, पण टॉयलेटचं काय?' तर ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. बसच्या मागच्या कोपऱ्यात कोरडं टॉयलेट आहे. पाण्याऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा टाकायचा, द्रव वेगळं गोळा करायचं, बादली भरली की खड्ड्यात रिकामी करून वर माती ओढायची. आम्ही राहतो त्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावात भुशाला तोटा नाही. झालं.

दुसरा प्रश्न एसीचा. एसी नाही.

तिसरा प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच. तुमचं घर उभं असतं की चालतं?

बायको आणि मी दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांचंही काम घरून. बंगळूरच्या फ्लॅटचं भाडं वाढलं तेव्हा तो फ्लॅट सोडून आम्ही शाळेची एक जुनी बत्तीस सीटची बस विकत घेतली. सीट काढल्या, ओटा बांधला, पलंग केला. कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण कुणी या वाटेने जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा : गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि दुसऱ्या राज्यात वर्षापेक्षा जास्त मुक्काम झाला की तिथला नंबर घ्यावा लागतो. बाकी रंग कुठला लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

पेडणे का, तर मी मूळचा सावंतवाडीचा आणि तिथे बाबा एकटे. आई गेल्यापासून मी त्यांना 'आमच्याकडे या' म्हणत होतो, ते 'बघू' म्हणत होते. पेडण्याहून सावंतवाडी तासाभरावर आहे. शिवाय बसमध्ये राहणाऱ्यांची या किनाऱ्याला जुनी सवय आहे. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला 'इंडियामॅन' नावाची बस प्रवासी घेऊन आली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे गाड्यांची रीघ लागली आणि त्यातल्या बऱ्याच शेवटी गोव्याच्या वाळूशी येऊन थांबल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. पण हरमलला अजूनही थंडीत एखादी परदेशी व्हॅन झाडाखाली दिसते, वर दोरीवर कपडे वाळत घातलेले.

आम्ही मात्र किनाऱ्यावर नाही राहिलो. खारी हवा पत्रा खाते. हरमलला पहिल्याच महिन्यात सोलरच्या जोडांवर हिरवं बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. मोरजी-मांद्र्याला कासवं अंडी घालायला येतात, तिथे किनाऱ्याजवळ दिवे लावून राहणं बरोबर नाही. आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात कायद्याने बंदी आहे. म्हणून आत कोरगावात एका काकींच्या परसात जागा घेतली. विहिरीचं पाणी, चिऱ्याची गडग, मागे सडा.

आता विजेचं. टपावर ३३५ वॉटची चार पॅनेलं आहेत. खाली लिथियमची २४ व्होल्टची बॅटरी, भरली की तिच्यात पाच युनिट मावतात. दोन लॅपटॉप, दोन पंखे, छोटा फ्रिज, राउटर, दिवे, मिक्सर असं सगळं मिळून आम्हाला दिवसाला सव्वातीन युनिट लागतात. यातलं जवळजवळ अर्धं युनिट इन्व्हर्टर स्वतःच खातो, नुसता चालू आहे म्हणून. फेब्रुवारीत ऊन रोज साडेचार युनिट द्यायचं आणि मी मोबाइलवर तो आलेख बघत बसायचो. बायको म्हणायची, शेअर बाजार बरा.

एक दिवस भर दुपारी आलेख निम्म्यावर आला. वायरी तपासल्या, चार्जर उघडला, दोन तास गेले. दोष माडाच्या एका झावळीचा होता. तिची सावली एकाच पॅनेलवर पडत होती, पण मी चारही पॅनेलं मालिकेत जोडलेली, त्यामुळे एकाने मान टाकली की सगळी साखळी अडखळायची. ती समांतर जोडून घेतली. काकींचा पाडेली हे सगळं झाडावरून बघत होता. तो म्हणाला, सावलीचं सोडा, आधी गाडी माडाखालून काढा, नारळ पडला तर काच जाईल. बीईच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

बाबा आले जूनच्या शेवटी. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, तीस वर्षं. मला वाटलं होतं, बस बघून खूश होतील. त्यांनी बसभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावला आणि विचारलं, "हलवली कधी होतीस?"

"एप्रिलात."

"उभी गाडी लवकर मरते," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले.

पावसाळ्यात बसमध्ये राहणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पॅनेलांसाठी टपाला मी स्वतः पाडलेल्या भोकांपैकी दोन गळायला लागली, एक नेमकं पलंगावर. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, पुस्तकांना वास, टॉवेल वाळतच नाही. तेही चाललं असतं. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस आभाळ उघडलं नाही. पॅनेलं दिवसाला जेमतेम एक युनिट देत होती. आम्ही एक लॅपटॉप बंद केला, एक पंखा बंद केला, राउटर रात्री बंद केला. तरी तूट होतीच. एरवी अशा वेळी काकींच्या घरातून वायर ओढायचो, पण फणसाची फांदी तारेवर पडून वाडीची वीजही दोन दिवस गेलेली. पाचव्या रात्री तीनच्या सुमाराला बॅटरी ८ टक्क्यांवर आली आणि मी ठरवून दिल्याप्रमाणे सगळं आपोआप बंद झालं. फ्रिजसुद्धा.

फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन होतं. तीन महिन्यांचं.

वापरातलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, तेव्हा त्या रात्री जिवाला धोका असा नव्हता. पण न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांतच ठेवायची असतात. मडक्याचा उपाय करून बघितला. पावसाळी हवेत आधीच इतकी ओल असते, की मडक्याचं पाणी उडतच नाही, मग गार कुठून होणार? सकाळी चहा करताना बघतो तर बाबा पिशवी भरत होते.

"मी सावंतवाडीला जातो. तिथे फ्रिज आहे."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. दोन वर्षं 'आमच्याकडे या, आमच्याकडे या' म्हटलं आणि आले तर तीन आठवडे त्यांचं औषध गार ठेवता येईना. मी काहीतरी बोलायला लागलो : आणखी एक बॅटरी, आणखी दोन पॅनेलं, असं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डायनामोवरून ही बॅटरी भरत नाही?"

भरते. इंजिनाच्या अल्टरनेटरवरून घरची बॅटरी भरायचा चार्जर मी पहिल्याच महिन्यात बसवला होता, तासाला एक युनिट देणारा. पण गाडी अकरा आठवडे जागची हललीच नव्हती. इंजिनाची बॅटरी वेगळी आहे, म्हणून ती अजून जिवंत होती, इतकंच.

"मग चालव," बाबा म्हणाले.

सेल्फ मारला, इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. बाबांनी बाही वर केली. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. पंप हाताने मारत, नट किंचित सैल करून, फेस जाऊन साफ डिझेल येईपर्यंत त्यांनी हवा काढली. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. चौथ्या वेळी इंजिन लागलं. मग ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत थांबलो. तेवढ्यात छत्री घेऊन काकी आल्या. पिशवी बघून म्हणाल्या, "बाबांका खंय न्हेतस? हंय घरात हाड मरे." बाबा म्हणाले, येतो संध्याकाळी परत. पिशवी बसमध्येच राहिली.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. बायको पुढच्या सीटवर बांबू घेऊन बसली. आमच्या वाड्यांत केबलच्या वायरी खाली लोंबतात, बस पॅनेलांसकट साडेदहा फूट उंच आहे, तेव्हा दर पाच मिनिटांनी उतरून कुणीतरी केबल उचलून धरायची. (विजेच्या तारेला हात नाही आणि बांबूही नाही, हा घरातला पहिला नियम.) पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल. खाली शापोरा नदी लाल होऊन वाहत होती. पुलाच्या पुढे जळका वास यायला लागला. बाबांनी थांबायला सांगितलं, उतरून चारही चाकांजवळ हात नेला. मागचं डावं तापलं होतं. इतके दिवस उभं राहून ब्रेक धरला होता.

"डिचोलीला जाऊ," ते म्हणाले. "तिथे माणसं असतील."

मला वाटलं म्हापशाला जास्त दुकानं. पण त्यांचं गणित वेगळं होतं. डिचोली हा खाणींचा तालुका. खनिजाचे ट्रक वर्षानुवर्षं याच रस्त्यांनी धावले, त्यामुळे ब्रेक, कमानपाटे, क्लच यांची कामं करणारे हात इथे तयार झाले. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. कितीतरी ट्रक दारात उभे राहून गंजले. अस्नोड्याहून हळूहळू जाताना मुळगावच्या बाजूला मातीचे ते डोंगर दिसले, आता वर हिरवळ धरलेले. गॅरेजवाल्याने चाक उघडलं, लायनर घासले, स्प्रिंग बदललं. बाबांशी तो असा बोलत होता जणू दोघं एकाच डेपोत होते. त्याच्या चार गाड्या होत्या खाणीवर. दोन विकल्या, दोन दारात उभ्या उभ्या गेल्या, असं त्याने सांगितलं. बाबा नुसते मान हलवत होते. पैसे त्याने मागितले त्याहून जास्त द्यावेसे वाटले, पण घेतले नाहीत.

तिथे बाबांनी दाराच्या आतली, मी रंग देताना अर्धी झाकलेली पत्र्याची पट्टी नखाने खरवडली. बॉडी कुठे बांधली ते तिच्यावर होतं. "होंड्याची आहे तुझी बस." होंडा म्हणजे जपानी कंपनी नव्हे, साखळीच्या पुढे सत्तरीत लागणारं गाव. ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा १९८० साली स्थापन झाली, तिचा बसच्या बॉडी बांधायचा कारखाना तिथे आहे. गोव्याची कदंबा बससेवाही त्याच वर्षी सुरू झाली.

मग होंड्यापर्यंत गेलोच. कारखान्याच्या आत जाता येणार नव्हतं, जायचंही नव्हतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही चहा प्यायलो. पाऊस तिरका येत होता. बाबा बसकडे बघत होते, बसमध्ये नाही. बॅटरी ४४ टक्के, फ्रिज ६ अंश.

परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि वाडीत अजून वीज नव्हती. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास. काकींचा, त्यांच्या सुनेचा आणि शेजारच्या दोन घरांतला असे सहा मोबाइल बसमध्ये चार्जिंगला लागले. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या खालच्या कप्प्यात काकींचे बांगडे आले. बायकोने तेव्हा काही म्हटलं नाही, नंतर म्हटलं.

हिशेब मांडायची सवय जात नाही. शंभरेक किलोमीटर, साधारण पंधराशे रुपयांचं डिझेल, आणि मिळाली चार युनिट वीज. म्हणजे युनिटला पावणेचारशे रुपये. मी हे बाबांना दाखवलं. उभ्याने इंजिन फिरवलं असतं तर डिझेल वाचलं असतं, असंही म्हणालो.

"आणि ब्रेकचे किती धरलेस?" त्यांनी विचारलं.

त्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. घराचा विचार करताना मी पॅनेल, बॅटरी, पाणी, गळती सगळं धरलं होतं. टायर एका जागी चपटे होतात, रबरं सुकतात, ब्रेक धरतात हे धरलंच नव्हतं. आता दर रविवारी सकाळी आम्ही बस काढतो, निदान कोलवाळच्या पुलापर्यंत. पलंगावरचं सगळं शनिवारी रात्रीच बांधून ठेवावं लागतं, ओट्यावरचे डबे पट्ट्यांनी आवळावे लागतात. शेजारची पोरं येऊन बसतात. काकी अजून आलेल्या नाहीत, त्यांना घाटावर गाडी लागते तशी कोलवाळलाही लागते म्हणे.

बाबा गणपतीला सावंतवाडीला गेले ते तिथेच आहेत. दिवाळीनंतर येतो म्हणाले आहेत. पेनांचा एक डबा त्यांनी फ्रिजमध्ये ठेवला आहे, परत नेला नाही. रविवारी साडेनऊला फोन येतो, कसे आहात वगैरे नंतर.

"हलवली का?"