शेवटची गाडी

कोल्हापूर,
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय बाई,


रविवारी क्लबच्या सगळ्यांसमोर मी शेवटच्या गाडीसाठी तुमचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मिसळीची ताटली बाजूला सारून नुसतं माझ्याकडं बघितलंत. नंतर गाडी काढताना हळूच विचारलंत, "आप्पा, मीच का?" चौकात हेल्मेट हातात घेऊन देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

डोळ्याचं तर तुम्हाला ठाऊक आहेच. मोतीबिंदू काढला, पण रात्री समोरून दिवा आला की अजून त्याचा फुलोरा होतो. दिवसा, सरळ रस्त्यावर, मी अजून पुष्कळ वर्षं गाडी चालवीन. पण ज्याला अंधारात नीट दिसत नाही त्यानं शेवटी राहू नये. पुण्या-मुंबईचे क्लब शेवटच्या गाडीला स्वीप म्हणतात, आपल्यात 'शेपूट' म्हणतात. एस.टी.च्या वर्कशॉपात असल्यापासून ही जागा माझ्याकडं आहे. क्लबच्या फोटोंमध्ये मी फारसा सापडणार नाही, कारण वर पठारावर फोटो निघत असायचा तेव्हा मी खाली कुणाची तरी चेन चढवत असायचो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण ही जागा क्लबमध्ये मुळात का आली, हे आताच्या पोरांपैकी कुणालाच माहीत नाही. ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

१९९९ चा जुलै. आम्ही तेव्हा नऊजण होतो. सहा येझदी, तीन बुलेट. क्लब कसला, एक नाद होता. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला होता. पार्ट मिळेनासे झाले की आम्ही उद्यमनगरात जायचो आणि लेथवर बुश कातून आणायचो. ज्याच्या गाडीला जे लागेल ते दुसरा शोधायचा, आमची ओळख त्यातूनच वाढली. पण रस्त्याला लागलो की ज्याची गाडी त्याची. पुढचा जोरात जायचा, बाकीचे जमेल तसे मागं.

त्या दिवशी गगनबावड्याला पोहोचेपर्यंत धुकं इतकं उतरलं होतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसायचा आणि पुढची गाडी दिसायची नाही. तिथं रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीला आणि दुसरा भुईबावडा घाटानं खाली. आम्ही भुईबावड्याकडं वळलो. मी शेवटून दुसरा होतो. माझ्या मागं आमचा चष्म्याच्या दुकानातला दोस्त. घाटाच्या मध्यावर आरशात बघितलं तर त्याचा दिवा नव्हता. वळणावर असेल म्हटलं. पुढच्या वळणावर पुन्हा बघितलं, नव्हता. तेव्हा मनात आलेले शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. 'येईल की.'

खाली गावात चहा सांगितला, भजी सांगितली. दुसरा चहा झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, अजून आला नाही. मोबाइल तेव्हा कुणाकडं होते? आम्ही उलटे फिरलो. तो वरच्या वळणावर चरीत बसला होता. लाल मातीवर पुढचं चाक सरकलं, गाडी दगडावर आणि पाय गाडीखाली. एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं गाडी बाजूला करून त्याला सोडवलं होतं आणि पोतं पांघरून त्याच्या शेजारी बसून राहिला होता, अनोळखी माणूस. आणि आम्ही आठजण खाली भजी खात होतो. दोस्त वाचला, पण त्याचा पाय कधीच नीट झाला नाही. मला पाहिल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तुला दिसलं असेल."

मला दिसलं होतं, बाई. दिवा नाही, हे मला दिसलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी सांगितलं, की इथून पुढं शेवटची गाडी माझी. माझ्या मागं कुणी राहणार नाही. बाकीचे नियम हळूहळू आले, काही दुसऱ्या क्लबांकडून शिकलो. वळणावर माणूस ठेवायचा नियम तसाच आला. फाटा आला की लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्याच्या, मागची गाडी तिथं थांबते, हातानं रस्ता दाखवत राहते आणि शेपूट आल्याशिवाय हलत नाही. पुढच्या फाट्यावर त्याच्या मागचा. असं केलं की वीस गाड्यांचा घोळका कितीही लांबला तरी कुणी चुकत नाही, आणि मागचा माणूस मला गाठायचंय म्हणून जीव खाऊन पळत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पावसात, अनोळखी फाट्यावर, एकट्यानं उभं राहायचं, मागून कोण कधी येणार ते ठाऊक नसताना, हे सोपं नाही.

आपला दूधवाला पोरगा तुम्ही बघताच, स्प्लेंडरवाला. पहिल्याच मोठ्या राइडला त्याला गगनबावड्याच्या त्याच फाट्यावर उभं केलं होतं. मागं एका बुलेटचं चाक बसलं. तारांचं चाक, आत ट्यूब, म्हणजे चाक सोडवण्यापासून सगळं आलं. आम्हाला तासाच्या वर उशीर झाला. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याइतका पाऊस दुसरीकडं क्वचितच पडतो, आणि त्या दिवशी तो आडवा येत होता. मला वाटलं पोरगं एव्हाना खाली गेलं असेल. फाट्यावर आलो तर हा हात लांब करून उभा, ओठ निळे पडलेले. "अरे, टपरीत तरी उभं राहायचंस," म्हटलं. तर म्हणाला, "तिथून तुम्ही मला दिसला असता, मी तुम्हाला दिसलो नसतो." तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या पोराच्या आठवणीवर मी पुढची कितीतरी वर्षं शेवटी राहिलो.

आणि याच पोराला काढायची गोष्ट दोन वर्षांमागं बैठकीत निघाली होती. साडेतीनशे सीसीच्या खालची गाडी क्लबात नको, आपला वेग पडतो, असं काहीजणांचं म्हणणं होतं. तुम्ही तेव्हा नवीन होता, गप्प बसून ऐकत होता. मी आवाज चढवला ते तुम्हाला आवडलं नसेल. पण माझं मत तेच आहे आणि तुम्हाला ते पुढं चालवावं लागेल. क्लबचा वेग सगळ्यात बारक्या गाडीचा असतो. ज्याला तो कमी वाटतो त्यानं एकट्यानं जावं, रस्ता मोकळा आहे. सायलेन्सर फोडून, गावातून फटाके वाजवत जाणाऱ्यांबद्दलही माझं तेच म्हणणं आहे. ज्या गावातनं आपण जातो तिथं कुणी म्हातारं झोपलेलं असतं, कुणाच्या घरात तान्हं बाळ असतं. आपण गेलो हे त्यांना कळायची गरज नाही.

आता कामाचं. सुटताना गाड्या मोजायच्या आणि माणसंही मोजायची, कारण डबलसीट असतात. प्रत्येक चहाला पुन्हा मोजायची. नवा असेल त्याला लीडच्या लगेच मागं ठेवायचं, तुमच्यापुढं नाही. लोक उलटं करतात. मागं ठेवलेला नवा माणूस पुढच्यांना गाठायला बघतो आणि पडतो. घाटात दुहेरी रांग नको, एकेरी. तुमच्या पुढचा हळू असेल तर त्याच्या पाठीला चिकटू नका, दिवा डिपरवर ठेवा, त्याच्या आरशात तुमची घाई दिसता कामा नये. तो दोनदा आरशात बघेल आणि तुम्ही तेवढ्याच अंतरावर असाल, म्हणजे तिसऱ्यांदा तो रस्त्याकडं बघेल. मी माणसं घाटात सुधारताना पाहिली ती अशीच.

कुणी थांबलं तर तुम्ही वळणाच्या अलीकडं थांबा, पलीकडं नाही. मागून येणाऱ्या ट्रकला आधी तुमचा इंडिकेटर दिसला पाहिजे.

आणि कुणी पडलं तर. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. हेल्मेट लगेच ओढून काढू नका. श्वास चालू असेल तर राहू दे, मान हलू देऊ नका, पाणी पाजू नका. लोक सगळ्यात आधी पाणीच आणतात. १०८ ला फोन करा आणि गावाचं नाव, किलोमीटरचा दगड, घाटातलं कितवं वळण ते सांगा. जखमी आपला नसला तरी थांबा. पोलिसांची भानगड मागं लागेल म्हणून लोक अजून बाजूनं जातात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत १३४-अ कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. हे तुम्ही क्लबातल्या प्रत्येकाला शिकवा, शाळेत पोरांना शिकवता तसं. त्या टेम्पोवाल्याच्या मागं असा कुठला कायदा उभा नव्हता. तरी तो बसला होता.

कायदा आला त्याच वर्षीचा, २०१९ चा पूर तुम्ही इथं पाहिलाच. पंचगंगेची धोक्याची खूण ४३ फूट, पाणी ५५ फुटांवर. शिरोलीजवळ महामार्ग बंद, टँकर येईना, पंपांवर पेट्रोल नाही. तेव्हा आम्ही सगळ्या गाड्यांच्या टाक्यांतलं पेट्रोल नळीनं काढून तीन गाड्यांत भरलं. एक तुमच्या पुढं असते ती स्प्लेंडर, कारण ती सगळ्यात कमी पिते. औषधं, दुधाची पावडर, बर्फाच्या थर्मासातलं इन्सुलिन, जिथपर्यंत रस्ता कोरडा तिथपर्यंत. माझी येझदी घरी उभी होती, तिच्या टाकीत एक थेंब ठेवला नव्हता. तिच्याबद्दल मला एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

आता तुमचा प्रश्न. मीच का?

गेल्या डिसेंबरात अणुस्कुऱ्यावरनं येताना संध्याकाळ झाली होती. तुम्ही मधे होता, माझ्यापुढं चार गाड्या सोडून. वकीलसाहेबांची क्लच वायर तुटली आणि आम्ही दोघं मागं राहिलो. बाकीचे गेले. जाणारच, त्यांना ठाऊक असतं मी मागं आहे. पाच मिनिटांत समोरून एक दिवा आला. तुम्ही होता. गाडी स्टँडवर लावलीत, बॅटरीचा उजेड माझ्या हातावर धरलात आणि एक शब्द विचारला नाहीत. नंतर मी म्हटलं, "मी होतो की मागं, कशाला वळलात?" तुम्ही म्हणालात, "आरशात दोन दिवे कमी होते."

पंचवीस वर्षांत माझ्यासाठी मागं वळलेल्या तुम्ही पहिल्या. बाकीच्यांची चूक नाही, मीच त्यांना तशी सवय लावली. पण मागं दिवा नाही हे दिसल्यावर ज्याचा हात आपोआप ब्रेकवर जातो, असं माणूस मी शोधत होतो. तुमची बुलेट नवी आहे, सेल्फची आहे, बाई असून शेवटी एकटी कशी राहणार, असं काहीजण म्हणतील. एकानं मला म्हटलंही. मी त्याला अणुस्कुऱ्याची गोष्ट सांगितली, तो गप्प झाला. तरी एक मात्र खरं, शेवटचा माणूस अडकला तर त्याच्या मागं कुणी नसतं. म्हणून मी लीडला सांगून ठेवलंय, की प्रत्येक चहाला तुमचा फोन आल्याशिवाय कुणी किक मारायची नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी या आणि पिशवी घेऊन जा. आत पाने, पक्कड, पेचकस, प्लग घासायचा ब्रश, ट्यूबलेसच्या पट्ट्या आणि टोच्या, दोन ट्यूबा, हातपंप, चेनलॉक, बांधायची तार, टेप, टोचनाची दोरी आहे. दोरी शक्यतो काढू नका. घाटात टोचन करायचं नाही, सपाटीवरच, तेही हळू. प्रथमोपचाराचा डबा वेगळा आहे, त्यातल्या औषधांच्या तारखा मी परवाच बघितल्या. क्लचची जादा वायर पिशवीत ठेवण्यापेक्षा चालू वायरीच्या बाजूनंच ओवून ठेवा, तुटली की टोकं बदलायला दहा मिनिटं पुरतात. तुमच्या गाडीला मी तशी लावून देईन.

रविवारी भुईबावड्यालाच जायचं ठरलंय. चष्मेवाले दोस्त यंदा येणार आहेत, मुलाच्या मागं बसून. त्यांना तुमच्या पुढं ठेवा. मी लीडच्या मागं तिसरा असेन. फाट्यावर थांबायची पाळी बहुतेक माझी येईल.

पावणेसहाला, दसरा चौकात.

तुमचा,
आप्पा

ता. क. टायरची हवा शनिवारी रात्री नको, रविवारी पहाटे बघा. गार असताना.