राबाची राख आणि कीबोर्ड

कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर हलकेच आपटला की खाली काय पडतं, त्यावरून मला महिना सांगता येतो. दिवाळीच्या पुढेमागे भाताचं तूस आणि बारीक कुसळं पडतात, कारण झोडणी चालू असते आणि खळं आमच्या खिडकीपासून लांब नाही. थंडी सरता सरता वीटभट्ट्यांची तांबूस धूळ. एप्रिल-मेमध्ये राख. ते राब भाजायचे दिवस. शेण, कवळ, पालापाचोळा खाचराच्या तुकड्यावर पसरून, वर मातीचा पातळ थर देऊन पेटवतात, म्हणजे पावसाच्या तोंडावर तिथं भाताचं रोप टाकता येतं. गावातले सगळेच राब त्याच दिवसांत भाजतात आणि दुपारचं वारं सुटलं की ती काळी राख कपाटाच्या बंद दारातूनही आत शिरते. कीबोर्डच्या तर प्रत्येक बटणाला चारही बाजूंनी फट असते.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. माहेर मुरबाड तालुक्यात, सरळगावजवळ. घरातच टेबल टाकून मी टायपिंगची कामं करते: बचत गटाचे हिशोब, ग्रामसभेचे ठराव, तहसीलदारांना द्यायचे अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म. लॅपटॉप आहे, पण त्याला वायरचा साधा कीबोर्ड जोडून ठेवलाय. लॅपटॉपची बटणं झिजवायची नाहीत, हा माझा पहिल्यापासूनचा नियम.

२०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले आणि ओटीवर छत्र्यांची रांग लागली. आवणीतून थेट उठून आलेल्या बाया, पदरात गुंडाळलेलं आधार कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड. कुणाचं हमीपत्र, कुणाच्या नावात आधारवर एक वेलांटी आणि बँकेत दुसरी. ओल्या हातांनी कागद द्यायचे, मी ओल्या हातांनी घ्यायचे आणि त्याच हातांनी टाइप करायचं. वर चहा. गणपतीपर्यंत बटणं दाबली की खालीच बसायला लागली. सगळ्यात आधी रुसलं ते ‘ई’चं बटण, मग ‘डी’, मग ‘एस’.

ही तीनच का, हे इन्स्क्रिप्टवर टाइप करणाऱ्याला सांगावं लागत नाही. भारतीय भाषांसाठी ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये आणली आणि १९९१ च्या भारतीय मानकातही ती आली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. काना इंग्रजी ‘ई’वर, मात्रा ‘एस’वर, अक्षराचा पाय मोडायचा तो ‘डी’वर. मराठीत कान्याशिवाय वाक्य होत नाही आणि जोडाक्षराशिवाय सरकारी अर्ज होत नाही. त्यामुळे माझा कीबोर्ड आधी याच तीन जागी झिजतो. ‘एफ’ आणि ‘जे’ या बटणांवर बोटाला लागावेत म्हणून उंचवटे असतात ना, तिथं मराठीत ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ आहेत. माझ्या कीबोर्डवर ते उंचवटे आता नावालाच उरलेत. बटणांवर देवनागरीचे स्टिकर होते, त्यांच्या कडांना धूळ चिकटून काळी किनार झाली होती.

सासूबाईंचं म्हणणं, “अगं, पाचशेची वस्तू, नवीन आण ना. तासभर तीच उकरत बसायचं का?” त्यांचं चुकीचं नाही. पण आणायला कल्याण गाठायचं म्हणजे आसनगावला जाऊन लोकल पकडायची, दिवसाचं काम बुडवायचं. आणि वस्तू बिघडलेली नव्हती, घाण झाली होती. या दोन्हींतला फरक मला माहेरी शिकवला गेलाय. बाबा मुरबाडला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. गोदरेजनं १९५५ मध्ये देशी टाइपरायटर काढला, त्याच घराण्यातलं मराठी मशीन. रिबिनीची शाई आणि तंतू अक्षरांच्या पोटात भरायचे आणि ‘व’, ‘ब’, ‘ठ’ कागदावर काळे गोळे होऊन उमटायचे. शनिवारी संध्याकाळी बाबा वाटीत थोडं पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन बसत, टाचणीनं एकेका अक्षराचं पोट साफ करत. मशीन उघडायला ते घाबरत नसत, पण ओतत काहीच नसत. ब्रश भिजवायचा, मशीन नाही.

कीबोर्डला हे आणखीच लागू पडतं आणि ते का, हे तो एकदा उघडला की कळतं. मागचे स्क्रू काढायला साधा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरतो. एक स्क्रू बहुतेक वेळा स्टिकरखाली लपवलेला असतो, बोट फिरवलं की खळगा लागतो. कडेचे खटके सुटले की आत रबराच्या वाट्या आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पत्रे. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा आणि ठिपके, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वाटी बसते आणि वरचा ठिपका भोकातून खालच्याला टेकतो. तेवढ्या स्पर्शावरून चिप अक्षर ओळखते. पाणी वा चहा या पत्र्यांमध्ये गेला की ओल्या ताटावर ताट ठेवल्यासारखे ते चिकटतात आणि ओल दिवसेंदिवस आत राहते. वरून कीबोर्ड कोरडा ठणठणीत दिसतो, आत शाईची रेघ गंजत असते. एका रेघेवर अनेक बटणं असल्यामुळे मग एकदम पाच-सहा अक्षरं जातात, तीही एकमेकांपासून लांबची. लोक म्हणतात व्हायरस आला.

तर माझी रीत अशी. आधी लॅपटॉप बंद, वायर काढलेली. मग मोबाइलवर कीबोर्डचा स्वच्छ फोटो, कारण जोडताना कंसांची आणि कोपऱ्यातली बटणं हमखास बुचकळ्यात टाकतात. तारेची क्लिप सरळ करून तिचे दोन आकडे केले की बटण दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलता येतं. तिरकं ओढलं तर खालची दांडी मोडते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तारेची आडवी दांडी असते, ती पुन्हा खाचेत बसवणं हे सगळ्यात कटकटीचं काम. हात बसला नसेल तर ही लांब बटणं काढूच नयेत, भोवतीनं ब्रश फिरवावा.

निघालेली बटणं पातेल्यात, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब. पाणी एवढंच लागतं, आणि मे महिन्यात तेही जपून. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आमच्याच तालुक्यातली. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात ती शहापूरचीच गावं. बटणं धुतलेलं ते पाणी मी अळूच्या वाफ्यात टाकते. धुतलेली बटणं फडक्यावर सावलीत वाळत घालायची. आमच्या उन्हात काळं प्लॅस्टिक वाकतं आणि स्टिकरही सुटतात.

खालची बैठक मात्र कोरडीच साफ करायची. दाढीचा जुना ब्रश यासाठी सगळ्यात चांगला. चिकट डाग असेल तर मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कान कोरायच्या काडीला लावून. करोनाच्या काळात उरलेला सॅनिटायझर लोक वापरतात, तो नको. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं आणि पुढच्या राबाची राख तिथंच जमते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवावेत, प्लॅस्टिक विरघळतं. स्टिकरवर अल्कोहोलही घासायचं नाही. वायर जिथं आत जाते तिथं छोटी हिरवी पट्टी असते, पत्र्यांच्या रेघा तिच्यावर दाबून बसवलेल्या असतात. तिथली धूळ पुसून स्क्रू नीट आवळले नाहीत, तर सगळं स्वच्छ करूनही अर्धा कीबोर्ड मुका राहतो.

दादाची रीत वेगळी. तो सरळगावच्या हायवेला पंक्चरवाल्याकडे गेला आणि हवेची नळी कीबोर्डवर धरली. धूळ उडाली हे खरं. दोन बटणंही उडाली आणि माळशेजकडे जाणाऱ्या एसटीखाली गेली. त्या हवेत कॉम्प्रेसरचं पाणी आणि तेल येतं, ते निराळंच. घरात सायकलचा पंप असेल तर तो बरा, जोर आपल्या हातात राहतो.

मुंग्यांवर ब्रशचा उपाय चालत नाही. पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा शोधत त्या कीबोर्डमध्ये अंडी घालतात. फवारा मारला तर ओल आत जाते. कीबोर्ड उघडून, झटकून, रात्री सुती फडक्यात गुंडाळून ठेवला आणि टेबलावर चहाबिस्किट बंद केलं, की त्या येत नाहीत. चहा बंद करणं अजून ओटीवरच्या बायांना पटलेलं नाही.

लॅपटॉपच्या कीबोर्डला मात्र यातलं काहीच करू नका. त्याच्या बटणांखाली कात्रीसारखे नाजूक सांधे असतात, तुटले की वेगळे मिळणं कठीण आणि काही लॅपटॉपमध्ये अख्खी वरची पाटी बदलावी लागते. तो बंद करायचा, उभा धरायचा, मऊ ब्रश फिरवायचा, बस्स. त्यावर चहा सांडला तर लगेच चार्जर काढून तो बंद करा, उलटा धरा आणि सुरू होतो का हे बघत न बसता दुरुस्तीवाल्याकडे न्या. वायरवाला कीबोर्ड घरी उघडायचा असेल तर राब भाजून झाल्यावर आणि पहिला पाऊस पडायच्या आत उघडा. जून लागला की दाखल्यांची गर्दी सुरू होते आणि हवेत ओल आली की धुतलेली बटणं दोन-दोन दिवस वाळत नाहीत.