दुसऱ्याच्या हातून

गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत आम्ही हिंदू सोळा संस्कार मोजतो. कॅथलिकांचे संस्कार सात. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ही संख्या ठामपणे जाहीर केली. दादरच्या, मूळ १५९६ सालच्या पोर्तुगीज चर्चवरून जाता-येता माझ्या मनात नेहमी येई की, कृपा जर ईश्वराची, तर तिला पाणी, तेल, भाकर, द्राक्षासव यांचा आधार कशाला?

पुढे ध्यानात आले की, द्रव्याइतकेच महत्त्व ते देणाऱ्या हातास आहे. स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करून घेता येत नाही. प्रत्यक्ष पोपसाहेबांनाही पापक्षमेसाठी दुसऱ्या धर्मगुरूपुढेच पापनिवेदन करावे लागते. विवाहात धर्मगुरू साक्षी असतो. वधूवरच परस्परांस तो संस्कार देतात. आणि परळच्या एखाद्या रुग्णालयात अर्भक मरणोन्मुख झाले, तर हिंदू परिचारिकेनेही, चर्चचा हेतू मनी धरून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याच्या मस्तकावर पाणी ओतल्यास तो बाप्तिस्मा ग्राह्य ठरतो.

आपला उद्धार आपणच करावा, हे आम्हां सुशिक्षितांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. त्यात तथ्य आहेच. परंतु दुखण्याने अंथरुणास खिळलेल्या माणसाची त्यावर किती काळ गुजराण होणार? कॅथलिक रोग्याच्या कपाळास व हातांस धर्मगुरू पवित्र तेल लावतो, तेव्हा तो खात्रीने उठून बसेल असे वचन कोणी देत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी जिना चढून आलेले असते, हे मात्र त्यास स्पर्शाने कळते.