मत आणि प्रतिज्ञापत्र

बसवनगुडीच्या बाजूला गोखल्यांच्या नावाची संस्था आहे, हे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना पटकन खरं वाटत नाही. बुल टेंपल रोडला नेऊन दाखवावी लागते. कन्नड लेखक-पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली सुरू केली. सार्वजनिक प्रश्नावर बोलायचं तर आधी त्याचा अभ्यास हवा, ही गोखल्यांची शिस्त त्यांना कानडी मुलखात रुजवायची होती.

आमच्या सकाळच्या फेरीला मात्र अभ्यासाची अट नाही. बागेच्या दोन चकरा होईपर्यंत युक्रेनचा निकाल लागतो, तिसरीत गाझाचा. रशियाचं तेल घेतो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा कॉफी निवून गेली तरी कुणाचं बोलणं थांबेना. कानडी, तमिळ, मराठी, इंग्रजी, चारही भाषांत आवाज चढलेले. मीही त्यात मागे नसते.

गटातले एक काका अशा वेळी गप्प असतात. ते इस्रोतून निवृत्त झाले आहेत. मे १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने इस्रो आणि रशियाची ग्लाव्हकॉसमॉस या दोघांवरही निर्बंध घातले, तेव्हा ते नोकरीत होते. रशियाने पुढे तयार इंजिनं दिली, पण तंत्रज्ञान दिलं नाही. आपल्या क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वीपणे उडालं ते ५ जानेवारी २०१४ रोजी. निर्बंध चांगले की वाईट, असं विचारलं तर काका एवढंच म्हणतात, "माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. रॉकेट उडालं तेव्हा तिची मुलगी शाळेत जायला लागली होती."

जग सोडून गोष्ट गल्लीत आली की आमच्या गटाचा सूर बदलतो. खात्यावर नाव चढवायला किती द्यावे लागले, हे सांगताना माणसं आजूबाजूला बघतात. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," म्हणतात आणि विषय पुन्हा पुतिनवर जातो. जणू जगाचं राजकारण वेगळं आणि आपल्या कचेरीतला कारकून वेगळा. पण बळ्ळारीचं लोहखनिज काय सांगतं? चीनची मागणी वाढली, खनिजाचा भाव चढला आणि इथे परवाने, तपासनाके, बंदरं सगळं सैल झालं. लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि महिनाअखेरीस मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. २०१६ साली सीबीआय न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. आमच्या बागेत दोन्ही वेळा जोरदार मतं होती. न्यायालयाला मात्र मत नको असतं, पुरावा हवा असतो.

गोखल्यांनी याची किंमत मोजली होती. १८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली आणि त्यांनी ते तिथे जाहीरपणे सांगितलं. त्याच सुमारास रँडचा खून झाला, पुण्यात धरपकड सुरू झाली. गोखले परतले तेव्हा त्या आरोपांना पुराव्यानिशी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी माफी मागितली आणि पुण्याने त्यांना भित्रं ठरवलं. मला या प्रसंगात गोखल्यांपेक्षा ती पत्रं लिहिणारी माणसंच जास्त दिसतात. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. त्यांना फक्त खाली सही करायची नव्हती.

हे मला आत्ताच का दिसावं, याला कारण आहे. बाबा गेल्यावर घराचं खातं आईच्या नावावर करायचा अर्ज मी एका कचेरीत दिला. कागद पुरे होते. तिथल्या माणसाने बोटांनी आकडा दाखवला. तो आकडा कागदावर लिहून द्या, असं मी म्हटल्यापासून फाइल हललेली नाही. आई दर सोमवारी विचारते, "झालं का गं?" तिला ते घर आपल्या हयातीत आपल्या नावावर बघायचं आहे. पैसे देऊन टाक, असं ती म्हणत नाही, पण विचारणं थांबवतही नाही.

लोकायुक्तांकडे तक्रार करायची तर सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्याच रस्त्यावरच्या तिघांनी त्याच टेबलावर पैसे दिले आहेत. तिघांनीही ते मला स्वतःहून सांगितलं. त्यांनीही आपापली प्रतिज्ञापत्रं दिली तर माझ्या शब्दाला वजन येईल, म्हणून मी तिघांच्या घरी गेले. एकाने चहा दिला. दुसऱ्याने सांगितलं, मुलीचं लग्न आहे, आत्ता नको. तिसऱ्याने देश कसा सुधारणार नाही यावर अर्धा तास अगदी बरोबर भाषण केलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

मला त्यांचा राग आला नाही. लग्न खरंच आहे, पत्रिका आमच्याकडेही आली आहे. माझं प्रतिज्ञापत्र लिहून तयार आहे. वकिलाने त्यातली 'सर्वत्र', 'नेहमी', 'सगळेच' ही विशेषणं-क्रियाविशेषणं खोडली. तारीख, वेळ, टेबल आणि आकडा तेवढा ठेवला. सगळं मिळून अर्धं पान झालं. उद्या नोटरीकडे जायचं आहे.