दामाजींचं कोठार, चोखोबांची भिंत

दामाजीपंतांची गोष्ट आपण सांगतो ती विठू महारापाशी येऊन पूर्ण होते. दुष्काळ पडला, मंगळवेढ्याच्या ठाण्यावर असलेल्या दामाजींनी बादशहाच्या मालकीची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, त्यांना पकडून आणायचा हुकूम बेदरहून सुटला. दामाजी तिथे पोचण्याआधीच विठ्ठल महाराच्या वेषात दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. कीर्तनात हा प्रसंग आला की माणसं डोळे पुसतात. मीही पुसले आहेत. पण अलीकडे माझं मन त्याच्या आधीच्या क्षणापाशी घुटमळतं. कुलूप काढताना विठू येणार आहे हे दामाजींना ठाऊक नव्हतं. दाराशी पोटं खपाटीला गेलेली माणसं होती आणि आतलं धान्य दुसऱ्याचं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. मला त्यांची श्रद्धा तिथे दिसते. पावती फार नंतर आली.

असं वाटण्याचं कारण त्याच गावात आहे. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. पंढरीच्या देवळात ज्यांना जन्मभर पाऊल टाकता आलं नाही, ते चोखोबा. ती भिंत सावरून धरायला विठ्ठल आला नाही. नामदेव आले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी अस्थी वेचल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी समाधी बांधली.

एका गावच्या या दोन कथा मला शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत, आणि वेगळ्याही करता येत नाहीत. दामाजींसाठी देवाने महाराचं रूप घेतलं. महाराच्या पोटी जन्मलेला त्याचा भक्त मात्र दगडमातीखाली गेला. देव तेव्हा कुठे होता, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला गेल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब ऐकवणारे भेटतात तेव्हा मात्र संताप येतो. चोखोबांना देवळाबाहेर ठेवण्यासाठी हाच हिशेब पुढे केला जात होता. भिंत पडली हे दैव म्हणू या. तिच्याखाली राबायला कोणाला उभं करायचं, हे माणसांनी ठरवलेलं होतं. तिथे देवाला जाब विचारण्याआधी आपण आपल्याला विचारायला हवं.

दामाजींच्या गोष्टीतला दुष्काळ महाराष्ट्राला पुन्हा पुन्हा गाठत राहिला. १९७२ सालचा तर अजून जिभेवर आहे: रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, वाटपाची सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दिवसांत राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हाताला काम मागणं हा गावाकडच्या माणसाचा हक्क ठरला. त्यासाठी पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली. मुंबईच्या कचेरीतला कारकून आणि माणदेशातली खडी फोडणारी बाई, एकमेकांचं तोंडही न पाहता, अशी बांधली गेली. कोठार उघडायला दरवेळी कोणी दामाजी सापडेल याचा भरवसा नसतो. त्याच्या एकट्याच्या धाडसावर लोकांची पोटं टांगून ठेवायची नाहीत, ही समज या कायद्यात आहे, आणि म्हणून तो मला आपल्या संतपरंपरेच्या फार जवळचा वाटतो. पुढे हजेरीपटावर खोटी नावं चढली, मजुरी महिनोन्‌महिने अडकली, हेही घडलं. राबणाऱ्याच्या तोंडचा घास असा पळवला जातो तेव्हा त्याला भ्रष्टाचार म्हणून मोकळं होणं मला पुरत नाही. मला ते पाप वाटतं.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी नावाजलेली आहे. त्याच तालुक्याच्या दक्षिण भागातली गावं मात्र वर्षानुवर्षं शेतीच्या पाण्यासाठी झगडत आली. त्यांनी निवेदनं दिली, मतदानावर बहिष्कार घातला. पंढरपूर तिथून फार लांब नाही, विठोबावर त्या गावांचाही जीव आहे. तरी पाणी मागायला ती सरकारच्या दारात गेली.